गोठ्यात एक खुंटा रिकामा ठेवा



पावसाळा जवळ आला की घटसर्प आणि फऱ्याची लस वेळेवर टोचून घ्या, असे आम्ही या पानावर सांगत असतो. ते सांगणे यंदाही आहेच. पण या खेपेला जनावरांच्या रोगाविषयी न बोलता त्यांच्यावर येणाऱ्या दोन संकटांविषयी बोलावे असे आम्हाला वाटते. एक संकट नदीकडून येते आणि साऱ्या गावाला दिसते. दुसरे घरातूनच येते. ते भिंतीपलीकडच्या शेजाऱ्याला ऐकू येते, पण तो ऐकले न ऐकल्यासारखे करतो. वरवर पाहता या दोहोंचा एकमेकांशी काही संबंध नाही. पण दोन्ही संकटांत एक गोष्ट सारखीच घडते. जनावराला नेता येत नाही म्हणून माणूसही जागचा हलत नाही, आणि त्यापायी कधी कधी दोघेही जातात.

पुराचे पाणी आणि दाव्याची गाठ

२०१९ चा ऑगस्ट आपल्या सीमाभागात कोणी विसरलेले नाही. कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा, घटप्रभा आणि मलप्रभा या नद्या एकाच वेळी फुगल्या. नदीकाठच्या गावांत पाणी शिरले आणि गोकाकमध्ये घटप्रभा घरादारांत घुसली. पलीकडे सांगली-कोल्हापूरची दशा तर सर्वांनी पाहिली. दोनच वर्षांनी, २०२१ च्या जुलैमध्ये, पुन्हा तेच झाले. त्याच दिवसांत गोव्यात म्हादईचे पाणी सत्तरीच्या वाड्यांत चढले आणि डिचोली भागातही घरे पडली.

अशा वेळी बोट दारात येते. आत दहा-बारा जणांपुरती जागा असते. बोटवाले सांगतात, माणसांनीच यायचे, दुसरे काही आणायचे नाही. मग घरातला म्हातारा म्हणतो, "तुम्ही पोरांना घेऊन व्हा पुढे. मी म्हशींजवळ थांबतो." पूरग्रस्त गावांतून हे वाक्य आम्ही इतक्यांदा ऐकले आहे, की आता ते ऐकून आम्हाला नवल वाटत नाही. पण त्याला कोणी हट्टी म्हटले की वाईट वाटते.

तो हट्ट नसतो, हिशेब असतो आणि मायाही असते. चांगली दुभती मुऱ्हा म्हैस घ्यायची तर आज लाखाच्या आसपास पैसे मोजावे लागतात. ती वाहून गेली, तर सरकारी मदतीच्या २०२२ ते २०२६ या काळासाठी ठरलेल्या दरानुसार मोठ्या दुभत्या जनावरामागे ३७,५०० रुपये मिळायचे, शेळी-मेंढीमागे ४,००० आणि कोंबडीमागे १०० रुपये. त्यातही एका कुटुंबाला मोठी दुभती जनावरे तीनपर्यंतच मोजली जात. शिवाय पंचनाम्यासाठी मेलेले जनावर दाखवावे लागते. पुराने नेलेली म्हैस कोणी कुठून आणून दाखवावी? मग म्हातारा गोठ्यात थांबला तर त्याला दोष कसा द्यायचा?

पैशाचा हिशेब बाजूला ठेवला तरी प्रश्न उरतोच. बाजारात कुत्र्याला किंवा मांजराला काही किंमत नसते. तरीही घरातले लहान मूल कुत्र्याला सोडून बोटीत बसत नाही. २०१८ च्या केरळच्या महापुरात त्रिशूर भागातल्या एका बाईने आपल्या पंचवीसएक कुत्र्यांना घेतल्याशिवाय घर सोडायला नकार दिला होता, हे वर्तमानपत्रांतून आले होते. अमेरिकेत २००५ च्या ऑगस्टमध्ये कॅटरिना नावाचे वादळ आले आणि न्यू ऑर्लिन्स शहर पाण्याखाली गेले. तिथेही छावण्यांत आणि बसगाड्यांत जनावरांना मज्जाव होता. म्हणून कित्येक लोक घरातच थांबले आणि काहींचा त्यात अंत झाला. तो धडा घेऊन तिथल्या सरकारने २००६ मध्ये कायदाच केला, की आपत्तीच्या योजना आखताना पाळीव प्राणी असलेल्या कुटुंबांचाही विचार झालाच पाहिजे. श्रीमंत देशाचे चोचले म्हणून हे सोडून देऊ नये. जनावर सोडायला सांगितले की माणूसही मागे राहतो, एवढेच त्यांना उशिरा कळले. आपल्या नदीकाठच्या म्हाताऱ्याला ते आधीपासूनच ठाऊक होते.

घरातला पूर

आता दुसऱ्या संकटाकडे वळू. याविषयी लिहिताना आम्हाला संकोच वाटतो. पण संकोच करून किती दिवस काढायचे?

आमच्या ओळखीची एक बाई आहे. तिचे नाव-गाव आम्ही सांगणार नाही. बचत गटाच्या कर्जातून तिने एक म्हैस घेतली. माहेराहून आणलेल्या दोन शेळ्या होत्या, आणि दारात मोत्या नावाचा एक कुत्रा. नवरा दारू पिऊन मारहाण करी. दोन वेळा ती मुलांना घेऊन माहेरी निघून गेली आणि दोन्ही वेळा आठ दिवसांच्या आत परत आली. शेजारणी म्हणत, "हिलाच नवऱ्याची ओढ. मग रडायचे कशाला?" खरे कारण निराळे होते. ती गेली की नवरा म्हैस उन्हात बांधून ठेवी आणि पाणी दाखवत नसे. मग कोणाकडून तरी निरोप धाडी, "म्हैस तहानेने मरायला टेकलीय, यायचे तर ये." ती येई. तिसऱ्या वेळी ती जायला निघाली तेव्हा त्याने मुलांच्या देखत मोत्याचा पाय मोडला. ती त्या दिवशी गेलीच नाही.

ती आम्हाला म्हणाली, "मला मारलेले मी सोसते हो. पण मुके जनावर माझ्यापायी मार खाते, ते नाही सोसवत."

पुढे तिच्या भावाने दिवसाउजेडी, दोन जाणती माणसे बरोबर घेऊन, म्हैस आणि शेळ्या टेंपोत चढवल्या आणि आपल्या गोठ्यात नेऊन बांधल्या. मोत्यालाही नेले. तो आता तीन पायांवर चालतो. त्यानंतर मात्र ती बाई सासरी परतली नाही. तिची सुटका कशाने झाली, याचा आम्ही पुष्कळ विचार केला. कायदा होता, माहेरही होते. कमी होता तो एक गोठा.

हे एकट्या तिचेच नाही. अमेरिकेतल्या युटा राज्यात फ्रँक असियोन नावाच्या अभ्यासकाने १९९८ साली एका आश्रयगृहातल्या बायकांना विचारून पाहिले. ज्यांच्या घरी पाळीव प्राणी होते अशांपैकी शंभरात एकाहत्तर बायकांनी सांगितले, की नवऱ्याने किंवा जोडीदाराने त्या प्राण्याला इजा केली, मारून टाकले किंवा तशी धमकी दिली. पाहणी लहान होती. पण पुढे इतर ठिकाणी झालेल्या पाहण्यांतूनही असेच चित्र दिसले. २००६ मध्ये तिथल्या मेन राज्याने बाईला मिळणाऱ्या संरक्षण आदेशात तिच्या प्राण्यांचाही समावेश करण्याची तरतूद केली. २०१८ मध्ये साऱ्या देशासाठी तशा अर्थाचा कायदा झाला आणि प्राण्यांना सामावून घेणाऱ्या आश्रयगृहांना मदत देण्याचे ठरले.

जनावरावर उठलेला हात माणसावर उठायला वेळ लागत नाही. किंबहुना पुष्कळदा जनावरावर तो उठतो तो माणसाला दाखवण्यासाठीच. "बघ, उद्या तुझी पाळी," असे न बोलता सांगण्याची ती रीत आहे. आणि हे जे मूल पाहते, ते दोनपैकी एक गोष्ट शिकते, भ्यायला किंवा मारायला.

कायदा काय सांगतो

आपल्याकडे कायदा नाही असे नाही. तो अपुरा आहे आणि जो आहे तो लोकांना माहीत नाही.

जनावरांना क्रूरतेने वागवू नये असा कायदा १९६० पासून आहे. जनावराला मारणे, उपाशी ठेवणे, पाणी न देणे हा त्याखाली गुन्हा आहे. पण पहिल्या गुन्ह्याला दंड किती? दहा रुपयांपासून पन्नास रुपयांपर्यंत. १९६० साली पन्नास रुपयांना मोल होते. आज तेवढ्यात बाजारातून घरी यायला रिक्षाही मिळत नाही. हा दंड वाढवला पाहिजे असे वर्षानुवर्षे म्हटले जाते, पण वाढत नाही.

जनावराला ठार मारणे, विष घालणे किंवा जायबंदी करणे हा मात्र मोठा गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३२५ व्या कलमाखाली त्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. बाईच्या मालकीची म्हैस नवऱ्याने चिडून जायबंदी केली, तर तो घरचा मामला म्हणून सोडून देण्याचे कारण नाही.

घरातल्या छळापासून स्त्रियांना संरक्षण देणारा २००५ चा कायदा आहे. त्यात जनावरांचे नाव कुठेच नाही. पण आर्थिक छळ हाही छळ मानला आहे. बाईचे स्त्रीधन किंवा तिची मालमत्ता विकू नये, असा आदेश न्यायदंडाधिकारी देऊ शकतात आणि ती तिला परत करा असेही सांगू शकतात. माहेरची शेळी, गटाच्या कर्जावर घेतलेली म्हैस ही तिची मालमत्ताच आहे. मात्र ती तिची आहे हे दाखवता आले पाहिजे. म्हणून आमच्या भगिनींना आमचे कळकळीचे सांगणे आहे. जनावर तुमच्या पैशाचे असेल तर खरेदीची पावती, गटाच्या वहीतली नोंद, विम्याचा कागद हे सारे तुमच्या नावावर असू द्या. कानात बारा आकडी बिल्ला मारायला माणूस येईल तेव्हा मालक म्हणून आपलेच नाव नोंदवा. त्या बिल्ल्याचा आकडा एका कागदावर लिहून माहेरी ठेवा.

काही जणांचे आक्षेप

हे बोलू लागले की काही जण म्हणतात, "इथे माणसांना जागा पुरत नाही, आणि तुम्ही जनावरांचे घेऊन बसलात." आक्षेप खोटा नाही. आमचेही म्हणणे माणूस आधी असेच आहे. बोटीत एकच जागा असेल तर ती मुलाची, शेळीची नव्हे. जनावरासाठी कोणी पुरात उडी घ्यावी असेही आम्ही सांगत नाही. पण जनावराची सोय पाणी चढण्याआधी केली असती, तर बोटीत बसायला म्हातारा तयार झाला असता. जनावराची सोय करणे म्हणजे माणसाची जागा काढून घेणे नव्हे. त्यामुळेच माणूस वेळेवर निघतो.

दुसरे म्हणतात, छावणीत जनावरे आली की घाण होते, रोग होतात, कुत्री चावतात. हेही खरे आहे. म्हणूनच जनावरांची छावणी माणसांच्या छावणीला लागून, पण वेगळी आणि उताराच्या बाजूला हवी. कुत्र्यांना दोरीने बांधलेले हवे आणि रेबीजची लस आधीच दिलेली हवी. आणि चुकून चावा बसलाच तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

तिसरा आक्षेप नाजूक आहे. "नवरा-बायकोच्या भांडणात आपण कशाला पडा?" त्यांना आम्ही इतकेच विचारतो, शेजारच्या घराला आग लागली तर आपण थांबून राहतो का?

आमच्या मागण्या

कर्नाटकात पुराच्या छावण्यांना आता 'काळजी केंद्र' म्हणतात. शब्द आपल्याला परका नाही आणि चांगलाही आहे. आमची मागणी अशी, की प्रत्येक काळजी केंद्राबरोबर जनावरांसाठी उंचावरची जागा पावसाळ्यापूर्वीच ठरवावी आणि तिचे नाव ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहावे. तिथे वैरण, पिण्याचे पाणी आणि पशुवैद्य यांची सोय असावी. पाणी चढायच्या आधी जनावरे हलवायला वाहन मिळावे. गोव्यात आणि महाराष्ट्रातही हीच मागणी लागू आहे.

दुसरी मागणी अशी. घरातल्या छळाची तक्रार नोंदवताना संरक्षण अधिकाऱ्याने बाईला एक प्रश्न विचारावाच, "घरी जनावरे आहेत का? त्यांचे काय होईल?" आणि उत्तर अहवालात लिहावे. 'सखी' केंद्रे २०१५ पासून सुरू झाली. तिथे बाईला काही दिवस आसरा मिळतो. पण म्हशीला तिथे कोण घेणार? त्या केंद्रांनी जवळच्या गोशाळा, पशुवैद्यकीय दवाखाने आणि गोठेवाले यांच्याशी बोलून ठेवावे. याला खर्च फार नाही. विचार मात्र कोणी तरी केला पाहिजे.

आपल्या हातात काय आहे

सरकार करील तेव्हा करील. आपल्या हातातले मात्र आजच करता येईल.

पुरासाठी: जनावराला लोखंडी साखळीने कुलूप घालून बांधू नका. एका ओढीत सुटेल अशी गाठ मारा आणि गोठ्याच्या मेढीला एक धारदार विळा खोचून ठेवा. पाणी उंबऱ्याला लागायची वाट न पाहता, नदी पात्राबाहेर पडल्याची बातमी येताच जनावरे माळावर हलवा. तेही जमले नाही तर निदान दावे कापून त्यांना मोकळी करा. म्हैस पोहून जाईल, पण बांधलेली म्हैस बुडेलच. कोंबड्यांसाठी डालगे आणि मांजरासाठी झाकणाची टोपली हाताशी ठेवा. लसीची कार्डे घरच्या कागदपत्रांसोबत प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला. प्रत्येक जनावराचा एक फोटो काढून ठेवा, म्हणजे पंचनाम्याला पुरावा होतो.

पूर ओसरल्यावर: बुरशी आलेली वैरण घालू नका. खुरांच्या जखमा स्वच्छ धुऊन कोरड्या ठेवा. मेलेली जनावरे विहिरीपासून दूर, खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा. गोठा साफ करताना पायांत बूट घाला. उंदरांच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोचा ताप येतो. अंगदुखीसह ताप आला, तर पुराच्या पाण्यात वावरलो होतो हे डॉक्टरांना आठवणीने सांगा.

घरातल्या छळासाठी: एखाद्या घरची म्हैस एकाएकी आटली, कुत्रा सारखा लंगडू लागला, जनावरांच्या अंगावर वळ दिसले, तर डेअरीवर दूध घेणाऱ्याच्या, पशुवैद्याच्या आणि शाळेतल्या बाईंच्या ते लक्षात यावे. लगेच बोभाटा करू नका. बाईशी एकटीने, हळूच बोला. ती काय म्हणते ते ऐका, कारण धोका किती आहे ते तिलाच कळते. महिलांसाठी १८१ हा नंबर आहे आणि तातडीच्या वेळी ११२. आजारी किंवा जखमी जनावरासाठी १९६२ वर फोन करता येतो.

आणि ज्यांच्या गोठ्यात जागा आहे त्यांना आमची विनंती: एक खुंटा रिकामा ठेवा. संकटातल्या बाईची म्हैस, पुरातल्या म्हाताऱ्याची गाय, एखाद्या मुलाचा कुत्रा यांना चार आठवडे ठेवून घेण्याची तयारी असू द्या. मात्र सावधपणे. जनावर घेताना तारीख, बिल्ल्याचा आकडा आणि मालकिणीची सही असलेली चिठ्ठी करा, दोन साक्षीदार ठेवा आणि संरक्षण अधिकाऱ्याला किंवा पोलिसांना कळवा. नाही तर उद्या चोरीचा आळ तुमच्यावरच यायचा. आणि जनावर कुठे ठेवले आहे ते गावभर सांगू नका. म्हशीचा पत्ता लागला की बाईचाही लागतो. वैरणीचा भार एका घरावर पडू नये म्हणून दहा घरांनी मिळून दर आठवड्याला एकेक भारा द्यावा. एवढे आपल्या गावांना जड नाही. लग्नाच्या मांडवाला आपण याहून जास्त देतो.

त्या बाईच्या भावाचा गोठा आम्ही पाहून आलो. सहा खुंट्यांचा साधा पत्र्याचा गोठा. पाच खुंट्यांना त्याची स्वतःची जनावरे आणि सहाव्याला बहिणीची म्हैस. ती म्हैस आता व्याली आहे. भाऊ म्हणाला, "आधी हा खुंटा रिकामाच होता. बाबांच्या वेळेपासून तसाच ठेवायचो, का ते माहीत नव्हते."

आता माहीत झाले आहे, त्याला आणि आपल्यालाही.